न तुटलेली कडी

१

हॉस्पिटलच्या लाइनीवरचे अकरा खांब वादळात आडवे झाले, हे सगळ्या गावाने पाहिले. त्या अकरा खांबांवरची एकही कडी तुटली नव्हती, हे फक्त माझ्या ताईने पाहिले.

ताई म्हणजे निवृत्त विद्युत निरीक्षक. नोकरीत होती तेव्हा ती येणार अशी नुसती कुणकुण लागली, तरी उपकेंद्रातले लोक फडकी घेऊन धावायचे. निवृत्तीनंतर ती घरी स्वस्थ बसेल, अशी आम्हा घरच्यांची भाबडी समजूत होती. मी तिचा धाकटा भाऊ, दातांचा डॉक्टर. केस पांढरे झाले तरी तिच्या लेखी मी अजून छत्री सांभाळण्याच्याच लायकीचा आहे.

त्या दुपारी ती माझ्या दवाखान्यात शिरली तेव्हा खुर्चीत एक गृहस्थ आ वासून पडले होते. ताईने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. पिशवीतून करड्या रंगाच्या, तळहाताएवढ्या लोखंडी कड्या काढून तिने सरळ माझ्या हत्यारांच्या ट्रेमध्ये ओतल्या.

"ताई, अगं ते निर्जंतुक केलेलं आहे!"

"ही कडी बघ. खांब आणि तार यांच्या मधे बसवतात. हिचं काम एकच, वेळ आली की तुटायचं."

"तुटणं हे काय काम झालं?"

"दोरीवर शर्ट वाळत घातलास, चिमटा लावलास, आणि जोराचा वारा आला. काय होईल?"

"चिमटा निसटेल, शर्ट खाली पडेल आणि तू मला ओरडशील."

"आणि शर्ट दोरीला शिवूनच टाकला असेल तर?"

"मग दोरी तुटेल. नाहीतर दोरीचा खुंटाच उपटून येईल."

"तेच. वादळात झाड तारेवर पडतं. कडी तुटली की तार खाली येते आणि खांब वाचतो. तार सैल झाली की उपकेंद्रात वीज आपोआप बंद होते, म्हणजे पडलेल्या तारेची भीती नाही. नवी कडी लावून तार परत चढवायला एक दिवस पुरतो. पण कडी तुटलीच नाही, तर झाडाचं सगळं ओझं खांबावर. एक खांब मोडला की तो शेजारच्याला ओढतो."

बाजाराच्या लाइनीवर नेमके तिने सांगितले तसे घडले होते. तारा पडल्या, खांब राहिले, दोन दिवसांत दिवे लागले. हॉस्पिटलच्या लाइनीवर मात्र खांबच गेले आणि दुसऱ्या बाजूने तात्पुरती तार ओढेपर्यंत हॉस्पिटल आठ दिवस अंधारात राहिले. जनरेटर रडतखडत चालला. नाजूक रुग्णांना दुसऱ्या गावी हलवताना डॉक्टरांच्या तोंडचे पाणी पळाले.

"या कड्या बसवण्याची योजना एका मुलीची आहे. तिशीची असेल, अभियंता आहे," ताई म्हणाली. "तिच्यावर चौकशी बसली आहे. शुक्रवारी समितीची बैठक आहे. तिची नोकरी तर जाईलच, पण त्याहून वाईट म्हणजे सगळ्या गावातल्या कड्या काढून तिथे न तुटणारे नटबोल्ट ठोकणार आहेत. आणि वादळांचा मोसम अजून संपलेला नाही. समितीने माझं मत मागितलं आहे."

"त्यात मत काय द्यायचं? कड्या खोट्या निघाल्या असतील."

"मलाही तसंच वाटलं होतं. म्हणून पडलेल्या खांबांवरच्या पाच कड्या काल यंत्रावर ताणून तोडून पाहिल्या. जितक्या ताणाला तुटायला हव्यात, बरोबर तितक्याच ताणाला तुटल्या. पाचही चोख आहेत." ताईने ट्रेमधली एक कडी उचलून उजेडात धरली. "खांब मोडला, एवढा ताण होता. मग त्याच ताणात ही कडी का नाही तुटली?"

"आं?" खुर्चीतले गृहस्थ तोंडातल्या कापसासकट म्हणाले.

२

दुसऱ्या दिवशी मी दवाखाना बंद ठेवला. कुतूहल हा आमच्या घराण्याचा जुना आजार आहे.

वीज कार्यालयाचे मोठे साहेब गोरेपान आणि गोलमटोल होते. त्यांच्या टेबलावर काचेखाली कुटुंबाचे फोटो होते आणि काचेवर एक कागदही नव्हता.

"मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो," ते म्हणाले. "तुटण्यासाठी वस्तू बसवायची, हा काय विनोद आहे? पण वरच्यांना नव्याची हौस. आता निस्तरा म्हणावं."

"तुम्हाला ही योजना नकोच होती तर," ताई म्हणाली.

"नको होती आणि ते मी कुणापासून लपवलं नाही. पण म्हणून मी काय वादळात बाहेर पडून खांब ढकलले?" त्यांनी घंटी वाजवून चहा मागवला, आणि चहा येईपर्यंत आम्हाला घालवलेही.

ठेकेदार जिन्यातच भेटला. खांब त्याचे, कड्याही त्याच्याच. बोलता बोलता तो समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. ताईने त्या हाताकडे असे पाहिले की तो आपोआप खिशात गेला.

"खांब मोडले, आता नवे कोण पुरवणार?" ताईने विचारले.

"मीच. दुसरा आहे कोण?" तो हसला, मग एकदम गंभीर झाला. "बाई, मी काही धुतल्या तांदळासारखा नाही. पण कच्चा खांब हॉस्पिटलच्या लाइनीवर कोण घालेल? माझी आई त्याच हॉस्पिटलात होती त्या आठवड्यात. जिन्यावरून तिला उचलून मीच खाली आणलं. लिफ्ट बंद होती."

हे खरे होते. तळमजल्यावरच्या शिपायाने आम्हाला न विचारता तेच सांगितले. तरी जाता जाता मी ताईला म्हणालो, "हेतू दोघांकडेही आहे. एकाला योजना पाडायची आहे, दुसऱ्याला खांब विकायचे आहेत."

"हेतू काय, सगळ्यांकडेच असतो. मला तुझ्या दवाखान्याचं नाव बदलायचं आहे, म्हणून मी ती पाटी चोरली का?" ताई व्हरांड्यातून पुढे निघाली. "चल, आता जिच्यावर बालंट आलंय तिला भेटू. ती तरी स्वतःची बाजू मांडेल."

पण तिने मांडली नाही.

३

मॅडम, कार्यालयात तिला सगळे तसेच म्हणत, खिडकीपाशी बसली होती. दुपारची सुट्टी नुकतीच झाली होती. समोर फडक्यात बांधलेला डबा होता आणि ती एका हाताने त्याची टोक आत दुमडलेली घट्ट गाठ सोडवू पाहत होती. उजव्या तळव्यावर पट्टी होती. शेवटी तिने नाद सोडला आणि शिपायाला हाक मारली. शिपाई सराईतपणे कात्री घेऊनच आला.

"हाताला काय झालं?" मी विचारले. डॉक्टर आहे, निदान अर्धा.

"डब्याचं झाकण लागलं."

झाकणाचा काप एकच असतो. तिच्या पट्टीच्या कडेने तीन-चार बारीक ओरखडे बाहेर डोकावत होते, बोटांच्या पेरांवरही होते.

"तुमच्या कड्या चांगल्या आहेत," ताई म्हणाली. "मी त्या तपासल्या. तुमची काही चूक दिसत नाही."

कुणीही निःश्वास सोडला असता. ही मुलगी मात्र पांढरीफटक पडली.

"चूक माझीच आहे. आराखडा चुकला. तुम्ही तसं लिहून द्या."

"काय चुकलं आराखड्यात?"

"काहीतरी चुकलंच असेल ना? खांब पडले."

"अगं, शाळेतला पोरगासुद्धा उत्तर चुकलं तर कुठे चुकलं ते विचारतो," ताई म्हणाली. "तू दोन वर्षं या कडीसाठी वरच्यांशी भांडलीस आणि आता तिच्यासाठी एक वाक्य बोलत नाहीस?"

तिच्या डोळ्यांत पाणी तरारले. ते तिने तसेच डोळ्यांत ठेवले आणि डबा पुढे ओढला. "शुक्रवारी समितीसमोर मी चूक कबूल करणार आहे. कृपा करून आणखी शोधू नका."

ताईला असे सांगणे म्हणजे मांजराला दुधाकडे पाहू नकोस म्हणण्यासारखे होते. बाहेर येताच ती म्हणाली, "ऐकलंस? 'शोधू नका' म्हणाली. म्हणजे तिथे शोधण्यासारखं काहीतरी आहे."

४

पडलेली लाइन दाखवायला फोरमन आले. उंच, काटक, निवृत्तीला टेकलेले. त्यांना लहानथोर सगळे पक्केकाका म्हणत. त्यांनी बांधलेली तार आजवर कधी सुटली नाही म्हणून हे नाव पडले, असे जीपच्या ड्रायव्हरने आम्हाला कौतुकाने सांगितले.

"ही लाइन माझ्या टोळीने ओढली," पक्केकाका म्हणाले. "प्रत्येक खांबावर मी स्वतः चढलो. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही."

"कड्यांचं शिक्षण दिलं होतं ना सगळ्यांना?"

"दिलं की. मॅडमनी फळ्यावर चित्र काढून सांगितलं. मी पहिल्या बाकावर होतो." ते आडव्या खांबाशी थांबले आणि मोडक्या बुंध्यावर त्यांनी पाय आपटला. "ठेकेदाराने खांब कच्चे दिले हो! आणि खापर कुणाच्या डोक्यावर फुटतंय बघा. चोर सोडून संन्याशाला फाशी. तुम्ही त्या ठेकेदाराला सोडू नका, हात जोडून सांगतो."

त्यांनी खरोखरच हात जोडले. तेवढ्यात बाजाराच्या लाइनीवरून त्यांना बोलावणे आले आणि ते जीप घेऊन गेले. आम्ही दोघे रस्त्याच्या कडेला, चिखलात, अकरा आडव्या खांबांच्या सोबतीला उरलो.

ताई प्रत्येक कडीपाशी वाकत होती. मी दात पाहायचे भिंग खिशात घेऊन फिरतो. ते डोळ्याला लावून मीही वाकलो. पहिली कडी पाहिली, दुसरी पाहिली, आणि तिसरीपाशी मी खाली चिखलातच बसलो.

"ताई, इथे दोन वेगळ्या माणसांचे हात लागलेत."

"म्हणजे?"

"कडीच्या दोन्ही टोकांना बघ. रंग गोल घासला गेलाय, अंगठीसारखा. प्रत्येक कडीवर त्याच जागी, तेवढाच रुंद. इथे काहीतरी घट्ट गुंडाळलेलं होतं आणि ते वाऱ्याने घासत होतं. गुंडाळणारा हात कसलेला आहे. पण त्याच्यावर हे ओरबाडे बघ. कुठे खोल, कुठे उथळ, एक इकडे, एक तिकडे. पक्कड घसरली आहे. शिकाऊ डॉक्टर पहिला दात काढतो ना, तेव्हा शेजारच्या दातांची अशीच दशा होते."

आयुष्यात पहिल्यांदाच ताईने माझ्या बोलण्यावर मान डोलावली. मग ती म्हणाली, "गुंडाळलेलं काय होतं ते आता इथे नाही. कुणीतरी काढून नेलंय. प्रत्येक खांबावरून."

"पण सगळेच खांब पडलेत का?"

आम्ही दोघांनी एकदमच मान वर केली. लाइन जिथे सखल भागात उतरत होती, तिथे गुडघाभर चिखलात बारावा खांब उभा होता. अकरावा पडताना मधली तार तुटली म्हणून तो वाचला होता. ताईने दुर्बीण काढली, बराच वेळ पाहिले आणि ती माझ्या हातात दिली.

वर कडी होती. आणि त्या कडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, तिला बगल देऊन, जाड बांधणीच्या तारेची दुहेरी गाठ मारलेली होती. तीन वेढे, आणि टोक आत दुमडलेले.

५

"म्हणजे शर्ट दोरीला शिवला होता," मी म्हणालो. आम्ही रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर बसलो होतो आणि माझे बूट चिखलाने दुप्पट जड झाले होते.

"हो. सगळा ताण त्या तारेने घेतला, म्हणून कडी तुटली नाही. कडीला तुटायला वावच दिला नाही. आता नीट विचार कर. गाठी पडलेल्या खांबांवरून गेल्या, उभ्या खांबावरची राहिली. का?"

"तिथे चिखल आहे."

"चिखलाचं कसलं कौतुक लाइनमनला? पडलेल्या खांबावर उभ्या उभ्या हात पोचतो. उभ्या खांबावर चढावं लागतं. गाठी काढणाऱ्याला खांबावर चढता येत नाही."

"ठेकेदाराला कुठे चढता येतं? आणि साहेबांना तर..."

"पण त्या दोघांकडे चढणारी माणसं आहेत. त्यांनी कुणालाही वर पाठवलं असतं. काढणारा एकटा होता. कुणाला सांगू शकत नव्हता, आणि हातात पक्कड धरायची त्याला सवय नव्हती."

मला तो पट्टी बांधलेला तळवा आठवला. चहा हातातच राहिला. "मॅडम? पण ताई, त्या गाठी दिसल्या असत्या तर ती तिथल्या तिथे निर्दोष ठरली असती!"

"तेच तर! जी गोष्ट तिला वाचवणार होती, तीच तिने रक्त सांडून नाहीशी केली. स्वतःची नोकरी, दोन वर्षांची मेहनत, सगळं पणाला लावून. माणूस असं कुणासाठी करतो?"

"आणि गाठी बांधणारा? तो का नाही गेला उभ्या खांबावरची काढायला? त्याला तर चढता येतं."

"कारण आपण काही वाईट केलं आहे हे त्याला माहीतच नाही." ताईने पेला खाली ठेवला. "ती तीन वेढ्यांची आणि टोक आत दुमडलेली गाठ तू आज आणखी कुठे पाहिलीस?"

मी आठवायचा प्रयत्न केला. मग मला शिपायाची कात्री आठवली. मॅडमच्या डब्याचे फडके! रोज कापावी लागणारी ती गाठ, म्हणून तर शिपाई हाक मारताच कात्री घेऊन आला होता.

"जीपमध्ये मागच्या बाकावर पक्केकाकांचा डबा होता," ताई म्हणाली. "त्याच फडक्याचा दुसरा तुकडा. तशीच गाठ."

टपरीवाला कपबशा विसळत सगळे ऐकत होता. तो सहज म्हणाला, "पक्केकाका ना? मॅडमचे सासरे ते. दोघांचा डबा तेच भरतात. अख्ख्या गावाला माहीत आहे."

"मग आम्हाला कुणी सांगितलं कसं नाही?" मी उसळून विचारले.

"तुम्ही विचारलंत कुठे?"

६

त्यांच्या घरी आम्ही संध्याकाळी गेलो. दोन खोल्यांचे नीटनेटके घर होते. मुलगा जहाजावर नोकरीला, सासूबाई जाऊन बरीच वर्षे झालेली. पक्केकाका ओट्याशी कांदा चिरत होते आणि मॅडम डाव्या हाताने टेबलावर पसरलेले नकाशे आवरत होती. आम्हाला दारात पाहताच तिने नकाशे छातीशी धरले.

"काका," ताई सरळ म्हणाली, "हॉस्पिटलच्या लाइनीवर कड्यांच्या शेजारून दुहेरी तार तुम्ही बांधलीत का?"

"बाबा, नका!" मॅडम ओरडली.

पण पक्केकाकांचा चेहरा उजळला होता. "मीच बांधली. तुमच्या नजरेत आली म्हणजे कमालच. कुणाला सांगितलं नव्हतं मी. हिलासुद्धा नाही."

"का बांधलीत?"

ते जरा लाजले. सुरी बाजूला ठेवून त्यांनी हात पुसले. "सूनबाईचं पहिलंच मोठं काम. कार्यालयात निम्मे लोक टपून बसलेले, कधी एकदा तार खाली येते आणि कधी हसतो. मी म्हटलं, कडी तुटली तर तुटू दे, तार पडायची नाही. माझ्या सुनेच्या लाइनीवरची तार रस्त्यात लोळलेली मी बघू शकत नाही. चाळीस वर्षं याच गावात तारा बांधल्या, एकही सुटली नाही. तिच्याच कामात सुटू देऊ?"

मॅडम खाली पाहत होती. पक्केकाकांनी तिच्याकडे पाहिले, मग ताईकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचे हसू हळूहळू मावळले.

"काय झालं? मला सांगा ना कुणीतरी."

शर्टाचे आणि चिमट्याचे उदाहरण ताईने पुन्हा दिले. या वेळी ती फार सावकाश बोलली. ताईचे सांगून झाल्यावर पक्केकाका स्टुलावर बसले.

"म्हणजे हॉस्पिटल... ते पेशंट... ते माझ्यामुळे?"

"बाबा, चूक माझी आहे," मॅडम रडत म्हणाली. "सगळ्या टोळ्यांचा एकेक खांब मी तपासला. तुमचाच नाही तपासला. सासऱ्यांच्या कामावर बोट कसं ठेवायचं, असं वाटलं. वर्गात तुम्ही मान हलवलीत, मी पुढचं सांगायचं टाळलं. तुम्हाला काय शिकवायचं, म्हटलं. तपासलं असतं तर तेव्हाच कळलं असतं."

तिने आत जाऊन कापडी पिशवी आणली आणि टेबलावर रिकामी केली. वाकड्यातिकड्या कापलेल्या तारांचा ढीग पडला. काही तारांवर वाळलेले रक्त होते.

"वादळानंतरच्या सकाळी रस्ता बंद होता, म्हणून चालत गेले. पहिल्या खांबावर तुमची गाठ दिसली आणि मला सगळं कळलं. निवृत्तीला तीन महिने राहिलेत तुमचे. गाव तुम्हाला पक्केकाका म्हणतं. मी दुसरी नोकरी शोधीन, पण तुम्ही..."

"आणि पाण्याच्या टाकीकडची लाइन?" ताईने मधेच विचारले. "ती कोणी बांधली?"

पक्केकाकांनी मान वर केली. "मीच," ते म्हणाले. "तशीच. प्रत्येक खांबावर."

मॅडमच्या हातातला नकाशा खाली पडला. हे तिलाही माहीत नव्हते. पंपघराला त्याच लाइनीने वीज जात होती, आणि सकाळच्या बातम्यांत समुद्रात पुन्हा वादळ तयार होत असल्याचे सांगितले होते.

७

शुक्रवारची वाट कुणी पाहिली नाही. पक्केकाका दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडण्याआधीच मोठ्या साहेबांच्या दारात उभे राहिले. त्यांनी काय सांगितले ते शिपायाने सगळ्या मजल्यावर पोचवले. साहेब म्हणे आधी हसले, आणि शेवटी स्वतः उठून त्यांनी पक्केकाकांना खुर्ची दिली. ठेकेदाराला पक्केकाकांनी चारचौघांत हात जोडले. तो इतका गोंधळला की खांद्यावर हात ठेवायलाही विसरला.

समितीने कड्या ठेवल्या. पुरावा नाहीसा केल्याबद्दल मॅडमला लेखी ताकीद मिळाली आणि ती तिने मुकाट्याने घेतली. पक्केकाकांवर कारवाई करायची की नाही यावर समिती घोळ घालत बसली. तोवर ते शिडी घेऊन पाण्याच्या टाकीकडे गेलेही होते. ताई मला घेऊन तिथे पोचली, अर्थात छत्री माझ्याच हातात.

ढग भरून आले होते. पक्केकाका प्रत्येक खांबावर चढत, आपलीच गाठ कापत आणि खाली उतरत. टोळीतले तरणेबांड लाइनमन मदतीला धावले, तर त्यांनी त्यांना दुसऱ्या टोकाने पाठवले. कापलेली प्रत्येक तार त्यांच्या हातून जड मनानेच सुटत होती, ते मला खालूनही दिसत होते. शेवटच्या खांबापर्यंत वारा इतका वाढला होता की माझी छत्री उलटी झाली.

वादळ आले. ते मागच्याहून दांडगे होते. आम्ही खिडक्या लावून बसलो आणि ताई खोलीभर येरझाऱ्या घालत राहिली. मलाही झोप आली नाही. आपले मत चुकले तर काय, हा विचार तिला छळत होता, आणि तिने तो बोलूनही दाखवला. तिला घाबरलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो.

सकाळी टाकीच्या रस्त्यावर पाहवत नव्हते. झाडे आडवी, फांद्यांचा खच, आणि सगळ्या तारा जमिनीवर लोळत पडलेल्या. येणारा-जाणारा कपाळाला हात लावत होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत खांब मात्र सगळे उभे होते.

पक्केकाका रस्त्याच्या मधोमध थांबले होते. मॅडम लाइनीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन परत आली, धापा टाकत.

"सगळ्या सुटल्या?" त्यांनी विचारले.

"सगळ्या, बाबा. एकसुद्धा नाही राहिली."

चाळीस वर्षे ज्याची एकही तार सुटली नाही, तो माणूस त्या पडलेल्या तारांकडे पाहत राहिला. त्यांचे डोळे भरून आले आणि ते पुसण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत. मग त्यांनी टोळीला हाक मारली, नव्या कड्यांची पेटी उघडली आणि पहिल्या खांबावर चढले. गावाला संध्याकाळपर्यंत पाणी द्यायचे होते.

वरून थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला. सगळ्या टोळीला ऐकू जाईल इतका मोठा.

"मॅडम! झालं माझं. तपासून घ्या."

ती खांबाखाली गेली, कपाळावर हात धरून तिने वर पाहिले. टोळीतले सगळे हातातले काम थांबवून पाहत होते. क्षणभर तिची मान खाली जाते की काय असे मला वाटले, पण ती खाली गेली नाही.

"डावीकडची उलटी बसली आहे," ती म्हणाली.

"हो, मॅडम," पक्केकाका म्हणाले, आणि त्यांनी ती काढून पुन्हा बसवली.